हार्ड डिस्क: दुरुस्ती कुठवर, बदल केव्हा?

हार्ड डिस्क ही संगणकातली झिजणारी वस्तू आहे. प्रोसेसर आणि रॅम यांत काहीच हलत नाही. डिस्कमध्ये मात्र मोटार फिरते, हात हलतो, बेअरिंग झिजते आणि कधी ना कधी ती थांबते. ती कुरकुरू लागली की पहिला प्रश्न येतो, ‘दुरुस्त होईल का?’ डिस्क आणि तिच्यातला डेटा या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. आतून बिघडलेली डिस्क पुन्हा भरवशाने वापरण्याजोगी होत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली जे केले जाते, त्याचा उपयोग डेटा बाहेर निघेपर्यंत तिला चालते ठेवण्यापुरताच असतो. म्हणून दुरुस्ती की बदल हा निर्णय डिस्कच्या किमतीवरून घेता येत नाही. आतला डेटा आणखी कुठे आहे का, नसेल तर पुन्हा मिळवता येईल का, यावरून तो घ्यावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातले बीबी हे मेहकर-जालना मार्गावरचे, सुलतानपूर आणि दुसरबीड यांच्या मधले गाव. अशा बाजाराच्या गावात हार्ड डिस्क अनेक ठिकाणी राबते: आपले सरकार सेवा केंद्रात, फोटो स्टुडिओत, कृषी सेवा केंद्राच्या बिलिंगच्या संगणकात, दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये. बिघाड सगळीकडे सारखाच होतो, पण त्यावरचा योग्य निर्णय प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

डिस्कच्या आत

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आजची साडेतीन इंची डिस्क तळहातावर मावते आणि तिची क्षमता टेराबाइटमध्ये मोजली जाते, पण तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या तबकड्या मोटारीवर फिरतात. एका हाताच्या टोकाला बसवलेली सूक्ष्म शीर्षे, म्हणजे हेड, त्यांवरून माहिती वाचतात आणि लिहितात.

संगणकातल्या डिस्कच्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ७,२०० फेऱ्यांच्या साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीच्या कडेचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे समृद्धी महामार्गावर मोटारींना घालून दिलेल्या मर्यादेच्याही पुढे. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पृष्ठभागावर हेड हवेच्या पातळ थरावर तरंगते, आणि दोघांतले अंतर काही नॅनोमीटर असते. माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. धुळीचा एखादा कण किंवा चालू डिस्कला बसलेला धक्का एवढेही हेड तबकडीवर आदळायला पुरते. अशा धडकेत लेप खरवडला जातो आणि त्या जागेवरची माहिती कायमची जाते.

तबकडीवरची जागा लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात. पूर्वी सेक्टर ५१२ बाइटचा असे, आता तो बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. प्रत्येक डिस्कमध्ये काही सेक्टर राखीव असतात. एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरते आणि तशी नोंद ठेवते. तबकडीच्या एका भागात डिस्कचे स्वतःचे फर्मवेअर आणि खराब सेक्टरांच्या याद्या असतात. खालच्या हिरव्या किंवा निळ्या सर्किट बोर्डावर मोटार चालवणारी चिप, मुख्य प्रोसेसर आणि त्या विशिष्ट डिस्कची जुळणी साठवणारी छोटी मेमरी असते.

बिघाड बाहेरून आत

तपासणी बाहेरून आत करत जावी, कारण सर्वांत स्वस्त बिघाड सर्वांत बाहेर असतात.

पहिला थर जोडणीचा. सैल झालेली साटा केबल, ढिला यूएसबी पोर्ट, पोर्टेबल डिस्कची खराब वायर किंवा कमी पडणारा वीजपुरवठा यांमुळे चांगली डिस्कही ‘डिटेक्ट’ होत नाही किंवा मध्येच गायब होते. केबल बदलून पाहावी, संगणकाच्या मागच्या पोर्टला जोडून पाहावी, दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. पोर्टेबल डिस्कच्या डबीतला अडॅप्टर खराब असेल तर आतली साटा डिस्क काढून थेट जोडता येते. काही कंपन्यांच्या अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये मात्र यूएसबीचे तोंड मुख्य बोर्डावरच असते, आणि डेटा त्या बोर्डामार्फत कूटबद्धही झालेला असतो. तिथे हा उपाय चालत नाही. या थरातला दोष निघाला तर डिस्क बदलण्याची गरजच नसते.

दुसरा थर फाइल व्यवस्थेचा. वीज अचानक गेली, पेन ड्राइव्हसारखी डिस्क ओढून काढली किंवा व्हायरस आला, की फाइलींचा हिशेब बिघडतो. ‘फॉरमॅट करायचे आहे का?’ असे संगणक विचारतो, किंवा फोल्डर रिकामे दिसते. डिस्कचे यंत्र धड असते, फक्त यादी विस्कटलेली असते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावा, नंतर ही डिस्क फॉरमॅट करावी आणि तपासणीत निर्दोष ठरली तर पुन्हा वापरावी. ‘दुरुस्त झाली’ हे शब्द खऱ्या अर्थाने या प्रकारालाच लागू पडतात.

तिसरा थर बोर्डाचा. घराघरांत एकसारख्या गोल पिनेचे, पण वेगवेगळ्या व्होल्टेजचे अडॅप्टर पडलेले असतात. १२ व्होल्टच्या डिस्कला किंवा डीव्हीआरला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागला की बोर्ड जळतो. संगणकाला वीज देणारा हलक्या दर्जाचा एसएमपीएस खराब झाल्यावरही हेच होते. बोर्डावर वीज आत येते तिथे जादा व्होल्टेज शोषून घेणारे दोन डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या आणि दुसरा १२ व्होल्टच्या मार्गावर. तडाखा बसला की ते स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतात. मग ती डिस्क जोडली की अख्खा संगणकच सुरू होत नाही, काढली की सुरू होतो. जाणकार कारागीर मीटरने हे ओळखतो आणि शॉर्ट झालेला डायोड काढून डिस्क फिरवू शकतो. पण आता तिला संरक्षण उरलेले नसते. डेटा काढून तिला निवृत्त करायचे असते. संपूर्ण बोर्ड जळाला असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड नुसता बसवून भागत नाही. अलीकडच्या डिस्कमध्ये मूळ बोर्डावरची जुळणीची चिप काढून नव्या बोर्डावर डकवावी लागते.

याच थरातला एक साधा दोष संपर्कबिंदूंचा आहे. बोर्ड आणि डिस्कचे अंग यांना जोडणारे बिंदू दमट हवेत काळपटतात. बोर्डाचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराच्या पान्याने काढून, ते बिंदू पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून, भुकटी पुसून बोर्ड परत बसवला की काही डिस्क पुन्हा ओळखल्या जातात. सीलबंद भाग न उघडता करता येण्याजोगे हे काम आहे, पण वॉरंटी शिल्लक असेल तर तेवढ्यानेही ती रद्द होऊ शकते.

चौथा थर फर्मवेअरचा. डिस्क फिरते, आवाज ठीक असतो, पण क्षमता शून्य दिसते किंवा संगणक तिच्यापाशी अडकून बसतो. सीगेट कंपनीच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेतल्या अनेक डिस्क २००८-०९ च्या सुमारास फर्मवेअरमधल्या चुकीमुळे अशा गप्प झाल्या होत्या. आतला डेटा शाबूत होता. अशा डिस्कशी थेट बोलणारी उपकरणे डेटा रिकव्हरीच्या व्यवसायातच असतात, साध्या दुकानात नसतात.

पाचवा थर तबकडी आणि हेडचा. खराब सेक्टर वाढत जाणे हे त्याचे सौम्य रूप. ठरावीक अंतराने टक-टक आवाज येणे हे गंभीर रूप: हेडला खुणेची माहिती सापडत नाही, हात मागे जातो आणि पुन्हा प्रयत्न करतो. बारीक ‘पीं-पीं’ असा आवाज बऱ्याचदा हेड तबकडीला चिकटल्याची किंवा मोटार अडकल्याची खूण असते. घासल्याचा करकर आवाज आला तर लेप खरवडला जात आहे असे समजून वीज तत्काळ बंद करावी.

स्मार्ट नोंदी कशा वाचाव्यात

प्रत्येक आधुनिक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या पद्धतीला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर ती नोंद दाखवते. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स आहे. पडद्यावर वीस-बावीस ओळी दिसतात, पण निर्णयासाठी चार-पाच पुरतात.

०५ क्रमांकाची ओळ किती सेक्टर राखीव जागेवर हलवले ते सांगते. सी५ ही ओळ वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे सेक्टर मोजते. सी६ मध्ये तपासणीत अजिबात न वाचलेले सेक्टर येतात. या तिन्ही ओळींची मूळ संख्या शून्य असणे हे निरोगी डिस्कचे लक्षण. सी७ ही ओळ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, तबकडीचा नाही. ०९ मध्ये डिस्क एकूण किती तास चालली ते कळते.

क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ संख्या षोडशमान पद्धतीत दाखवते, त्यामुळे वाचताना गफलत होते. समजा ०५ च्या पुढे शेवटी १ए असे दिसले, तर ती संख्या १६ अधिक १०, म्हणजे २६. सेटिंगमध्ये दशमान निवडता येते. आजच्या २६ पेक्षा महत्त्वाचे असते ते आठवड्यानंतरचे वाचन. ते २६ वरच असेल तर एखादा जुना धक्का पचला असण्याची शक्यता आहे. ४० झाले तर झीज चालू आहे आणि डिस्क बदलण्याची वेळ आली आहे.

गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट होती. सेक्टर हलवण्याची पहिली नोंद झालेल्या डिस्कबाबत ती १४ पट होती. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या स्मार्टच्या प्रमुख चार खुणांत आधी काहीच दिसले नव्हते. त्यामुळे स्मार्टने धोका दाखवला तर विश्वास ठेवावा, पण ‘गुड’ असा निळा शिक्का बघून बॅकअप टाळू नये.

बॅड सेक्टर ‘काढून देणाऱ्या’ सॉफ्टवेअरबद्दलही स्पष्टता हवी. ते सेक्टरवर पुन्हा लिहायला लावते. लिहिणे जमले नाही तर डिस्क राखीव सेक्टर वापरते. पडद्यावर सी५ शून्य होतो, पण झिजलेली तबकडी झिजलेलीच राहते आणि लिहिताना त्या जागेवरचा उरलासुरला डेटा पुसला जातो.

काय करू नये

बिघडत्या डिस्कचे मोठे नुकसान बऱ्याचदा घाईच्या उपायांनी होते. विंडोजची चेकडिस्क आज्ञा फाइलींची यादी जुळवण्यासाठी असते. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर ती तासन् तास हेड राबवत ठेवते आणि वाचता न आलेल्या फाइलींच्या नोंदी कापून टाकते. बिघडत्या डिस्कवर विंडोज पुन्हा टाकणे, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणे, वाचलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवणे, या प्रत्येक कृतीत जुन्या डेटावर नवा डेटा चढतो.

डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा तोडगा आजही सांगितला जातो. थंड डिस्क बाहेर काढली की आत दव जमते, आणि फिरत्या तबकडीवरचे पाणी हेडचा घात करते. हाताने ठोकणे, टक-टक करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करणे आणि दुकानाच्या टेबलावर झाकण उघडणे या तिन्ही गोष्टी रिकव्हरीची शक्यता कमी करतात.

डेटा कोणाचा, किमतीचा किती

आपले सरकार सेवा केंद्राच्या संगणकात फाइलींची गर्दी असते, पण त्यातली बहुतेक पुन्हा मिळण्यासारखी असते. दाखले आणि अर्जांच्या नोंदी शासनाच्या सर्व्हरवर असतात. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून नागरिकाला स्वतःची कागदपत्रे घेता येतात. अशा संगणकाची डिस्क बिघडली तर रिकव्हरीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. नवी एसएसडी बसवावी, विंडोज, प्रिंटर आणि अंगठ्याच्या यंत्राचे ड्रायव्हर टाकावेत आणि काम सुरू करावे. उधारीची वही एक्सेलमध्ये असेल तेवढी फाइल आधी उचलावी.

कृषी सेवा केंद्राचे किंवा किराणा दुकानाचे बिलिंग याच्या उलट असते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे फोल्डर लहान, पण तेवढ्यातच सगळा व्यवहार असतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तो डेटा रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर आणि आठवड्याला ऑनलाइन साठवणीत ठेवणे अगदी स्वस्त पडते. बॅकअप असेल तर डिस्क सरळ बदलावी. नसेल तर तेवढ्या एका फोल्डरसाठीही व्यावसायिक रिकव्हरी परवडते.

फोटो स्टुडिओची गोष्ट सर्वांत अवघड. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून दोन-अडीचशे जीबी सहज होतात. हळद, सीमांतपूजन आणि वरात पुन्हा घडवता येत नाहीत. अल्बम देण्याआधी डिस्क गेली तर पैसे परत देऊनही भरपाई होत नाही. अशा डिस्कवर पहिला खराब सेक्टर दिसताच काम थांबवून कॉपी घ्यावी. कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर डेटा उतरल्याशिवाय फॉरमॅट करू नये, हा नियम स्टुडिओत सर्वांत स्वस्त विमा ठरतो.

डीव्हीआरची डिस्क दिवसाचे २४ तास लिहीत असते आणि जागा संपली की जुन्यावरच नवे लिहिते. त्यामुळे तिच्यातला डेटा एरवी काही आठवड्यांचाच असतो आणि बिघडली तर बदलणे हाच मार्ग. अपवाद चोरी किंवा अपघातानंतरच्या फुटेजचा. तपासासाठी ते हवे असेल तर आधी रेकॉर्डिंग थांबवावे, म्हणजे त्यावर नवे चढणार नाही. ही डिस्क काढून विंडोजला जोडली तर ‘डिस्क इनिशियलाइज करा’ असा संदेश येतो, कारण डीव्हीआरची फाइल व्यवस्था वेगळी असते. त्याला होकार देऊ नये, आणि डीव्हीआरवरचे फॉरमॅटचे बटणही दाबू नये.

कॉपी कशी घ्यावी

डिस्क अजून वाचली जात असेल तर क्रम महत्त्वाचा. पुन्हा न मिळणारे आणि आकाराने लहान ते आधी उचलावे: हिशेब, कागदपत्रे, चालू कामाचे फोल्डर. नंतर फोटो, शेवटी चित्रपट आणि सॉफ्टवेअर. एखादी फाइल अडली तर तिथेच डिस्कला झुंजवत ठेवू नये, पुढे जावे.

खराब सेक्टर जास्त असतील तर फाइल-फाइल उचलण्यापेक्षा संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे बरे. ग्नू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन त्यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेली जागा वगळते आणि शेवटी तिच्याकडे वळते. कुठवर काम झाले याची नोंद ते एका वेगळ्या फाइलीत ठेवते. ही सोय ग्रामीण भागात फार कामाची आहे. १ टीबी डिस्क चांगल्या स्थितीत सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली तरी पावणेतीन तास लागतात. यूएसबी २.० वर वेग ३५ एमबीच्या आसपास राहिला तर सुमारे ८ तास, आणि आजारी डिस्कला कधी दिवसही लागतात. मध्येच वीज गेली तर नोंदीच्या फाइलीमुळे काम तिथूनच पुढे सुरू करता येते. तरीही असे काम इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर करावे, कारण झटक्याने थांबणे हाच कमजोर हेडला मोठा ताण असतो. विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि बहुतेक डिस्कची चालण्याची कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते. कॉपी रात्री घ्यावी आणि डिस्कवर पंख्याचा वारा असावा.

क्लीन रूमकडे केव्हा

टक-टक आवाज, पडलेली डिस्क, न फिरणारी मोटार यांपैकी काही असेल आणि डेटा अन्यत्र नसेल, तर घरचे प्रयत्न थांबवून व्यावसायिक रिकव्हरीकडे जावे. तिथे गाळलेल्या हवेच्या कक्षात डिस्क उघडतात आणि त्याच मॉडेलच्या, शक्यतो त्याच काळात बनलेल्या दुसऱ्या डिस्कचे हेड काढून बसवतात. ती डेटा वाचेपर्यंत चालली तरी पुरते. खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट होऊ शकतो आणि यशाची हमी नसते. तबकडीचा लेपच खरवडला गेला असेल तर कोणताही कक्ष तो परत आणू शकत नाही.

दुकान निवडताना तपासणीचा अहवाल आणि अंदाजी खर्च लेखी घ्यावा. डिस्क त्याच ठिकाणी उघडणार की पुढे पाठवणार ते विचारावे, आणि पूर्ण पैसे देण्याआधी वाचलेल्या फाइलींची यादी पाहावी. लॅपटॉपची डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कूटबद्ध असेल तर रिकव्हरी की लागते. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती नसेल तर दुरुस्त डिस्कमधूनही वाचण्याजोगे काही मिळत नाही.

बीबीसारख्या गावातून अशी डिस्क जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याकडे न्यावी लागते. प्रवासातले हादरेही नुकसान करतात. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, सर्व बाजूंनी जाड फोम लावून घट्ट खोक्यात ठेवावी आणि शक्यतो कोणीतरी हातात न्यावी. दुचाकीच्या डिकीत किंवा ट्रॅव्हल्सच्या टपावर ती टाकू नये.

वॉरंटीचा हिशेब वेगळा. डिस्कवर मॉडेलनुसार बहुधा २ ते ५ वर्षांची वॉरंटी असते आणि कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला की मुदत कळते. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही, आणि जुनी डिस्क परत द्यावी लागते. म्हणून डेटा आधी काढावा, मगच दावा करावा.

नवी डिस्क घेताना

विंडोज चालवण्यासाठी आता एसएसडीच घ्यावी. तिच्यात फिरता भाग नसतो, धक्क्याची भीती कमी असते आणि जुना संगणकही चटकन वेगवान होतो. तिची दोन वैशिष्ट्ये मात्र ध्यानात ठेवावीत. एसएसडी बऱ्याचदा आवाज वा इशारा न देता एकदम बंद पडते. शिवाय तिच्यात पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता फार कमी, कारण रिकामी झालेली जागा ती पार्श्वभूमीवर स्वतःच साफ करते. फोटो आणि व्हिडिओच्या मोठ्या साठ्यासाठी हार्ड डिस्क अजूनही स्वस्त पडते. डीव्हीआरमध्ये सतत लिहिण्यासाठी बनवलेली पाळत श्रेणीची डिस्क लावावी आणि डीव्हीआर पत्र्याखालच्या बंद कपाटात न ठेवता हवेशीर जागी ठेवावा.

१ टीबीची नवी डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नसते; कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. फसवणूक वापरलेली डिस्क नवी म्हणून विकण्यात होते. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क, चाललेल्या तासांची स्मार्ट नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. डिस्कच्या आतल्या दुसऱ्या एका नोंदीत खरे तास शिल्लक राहिल्याने हा प्रकार कळला. नवी डिस्क सील, बिल आणि अनुक्रमांकाची वॉरंटी तपासूनच घ्यावी. पहिल्या दिवशी स्मार्ट नोंद बघावी आणि महिनाभर तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नये.

बॅकअपसाठी ३-२-१ हा नियम जगभर वापरला जातो. तो अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. स्टुडिओसाठी याचा अर्थ कामाच्या संगणकात एक प्रत, पोर्टेबल डिस्कवर दुसरी, आणि घरी किंवा ऑनलाइन तिसरी. सगळ्या प्रती एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावून ठेवल्या तर एकच विजेचा लोळ सगळ्यांना पुरतो.

जुन्या डिस्कचे काय करावे

ओळखपत्रांच्या प्रती, बँक पासबुके आणि ग्राहकांचे फोटो असलेली डिस्क तशीच भंगारात देऊ नये. डिस्क चालत असेल तर विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, त्यात प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिले जाते. नुसते फाइली डिलीट करणे किंवा क्विक फॉरमॅट पुरेसे नाही. ती चालतच नसेल तर झाकण उघडून तबकड्यांना भोके पाडावीत. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकडी बऱ्याचदा काचेची असते आणि फुटताना तिच्या ठिकऱ्या उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. आत निओडिमियमची जोरदार चुंबके असतात. ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. डेटा नष्ट केलेली डिस्क घरगुती कचऱ्यात किंवा उघड्यावर जाळण्याच्या ढिगात न टाकता ई-कचरा संकलनात किंवा तो नोंदणीकृत केंद्राकडे पोचवणाऱ्या विक्रेत्याकडे द्यावी.